चष्म्यासकट

डॉक्टरीणबाईंनी आजवर शेकडो लोकांचे दात हात न थरथरता उपटले होते, पण हेडसेटच्या दुकानात त्यांचा जीव टांगणीला लागला होता. विमान चालवायला शिकवणाऱ्या कॅप्टननी त्यांना स्पष्टच बजावलं होतं, "विमानतळाच्या टॉवरचं रेडिओवरचं बोलणं तुमच्याकडून दोनदा सुटलं. आता पुन्हा सुटलं, तर एकटीनं उडायचं विसरा." कॅप्टनचं काही चुकत नव्हतं. आकाशात "काय म्हणालात?" असं माणूस किती वेळा विचारणार?

खरी भीती बाईंनी कुणाला सांगितली नव्हती. शेजारी उभे असलेले त्यांचे वडील, आबा, लेथ मशीनवर उभं आयुष्य काढून कानांनी अधू झाले होते. त्यांच्याशी घरात सगळे ओरडूनच बोलत. कानाचं मशीन लावा म्हटलं की म्हणत, "ऐकण्यासारखं राहिलंय काय?" दात कोरायच्या मशीनच्या आवाजानं आपलेही कान आबांसारखेच गेले, असं बाईंच्या मनानं घेतलं होतं. फ्लाइंग क्लबचा जुना हेडसेट सोडून नवा घेणं हा शेवटचा उपाय. त्यानंही भागलं नाही, तर उतारवयात धरलेलं हे वेड गुंडाळून ठेवायचं.

दुकान विमानं ठेवायच्या हँगरला लागूनच होतं. मागच्या शेडमध्ये हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. आबांनी पहिलाच हेडसेट उचलला, त्याची पट्टी दोन्ही हातांनी फाकवली आणि वायर जिथे आत शिरते तिथे चांगली पिळून पाहिली.

"आजोबा, जरा जपून," दुकानदार ओरडून म्हणाला.

"विमानात कोण जपणार आहे? सीटवर टाकणार आणि वर बसणार. हे प्लास्टिक वर्षात टिचेल. तो पोलादी पट्टीचा दाखवा."

बाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि तो चढवला. कॉम्प्रेसर गायब. दुसरा चढवला, तरी गायब. तिसराही तसाच. सगळेच उत्तम, मग निवडायचं काय? क्लबचा हेडसेटसुद्धा पहिल्या दिवशी ऑफिसात असाच छान वाटला होता. बाईंचं तोंड उतरलं.

आबा वैतागले. "डोळे बारीक करून काय बघतेस? चष्मा घाल. विमान काय चाचपडत चालवणार आहेस?"

बाईंनी हेडसेट न काढताच जाड काड्यांचा चष्मा कानांवरच्या गाद्यांखाली सरकवला. कॉम्प्रेसर धडधडत परत आला. चष्मा काढला, गेला. घातला, आला. काडीमुळे गादी कानाभोवती नीट टेकतच नव्हती आणि त्या फटीतून अख्खं इंजिन आत शिरत होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. इतके दिवस बाई बिचाऱ्या कानांना बोल लावत होत्या आणि चोर नाकावर ऐटीत बसला होता. त्यांना तिथेच हसू आलं आणि रडूही.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"कान चांगले आहेत माझे," बाई ओरडून म्हणाल्या.

त्यांनी पोलादी पट्टीचा, मऊ गाद्यांचा हेडसेट घेतला आणि जाता जाता बारीक काड्यांचा चष्मा करायला टाकला. त्यानंतर टॉवरचा एकही शब्द सुटला नाही. मग एका सकाळी कॅप्टन विमानातून उतरले आणि म्हणाले, "जा आता, एकट्याच."

बाई एक फेरी मारून उतरल्या, तेव्हा आबा क्लबच्या ओट्यावर बसले होते. डोक्यावर तो जुना हेडसेट. कॅप्टननी तो हातातल्या रेडिओला जोडून आवाज पूर्ण वाढवून दिला होता.

"आबा, जमलं," बाई सवयीनं ओरडल्या.

"ऐकलं की. टॉवरशी बोलत होतीस ते सगळं ऐकलं. निघताना आवाज कापत होता तुझा. उतरताना नव्हता."

इतक्या वर्षांत आबांनी त्यांचं फक्त ओरडणंच ऐकलं होतं.

आबांनी हेडसेट काढून मांडीवर ठेवला. "ते कानाचं मशीन म्हणत होतीस," ते म्हणाले, "कधी जायचं आणायला?"