मुका माग

आमच्या लँकेशायरच्या गिरणीत मागांचा खडखडाट एवढा, की आम्ही विणकर बाया आवाज वायाच घालवत नाही. ओठ मोठे मोठे हलवायचे, समोरचीने ते वाचायचे. मालक शेजारी उभा असला तरी त्याच्या टकलावर खुशाल गप्पा चालतात. पण याच खडखडाटात माझे कान गेल्यात जमा झाले होते, आणि सोमवारपासून माझी लेक विनी मागावर उभी राहणार होती. पोरीला गाण्याचं वेड. माझा जीव तुटत होता.

म्हणून ऑस्वल्डने बिनआवाजाचा माग बनवला, तेव्हा मी त्याच्या बाजूने भांडले. ऑस्वल्ड म्हणजे बुटाची नाडी कधी न बांधणारा आमचा इंजिनियर. बाकी सगळे त्याच्यावर उठले.

"बिनआवाजाचे म्हणून एकीच्या गळ्यात दहा माग मारतील गं, नेली!" युनियनची हॅना मला म्हणाली.

"या बाया दिवसभर बडबडत बसतील!" मालक थ्रेलफॉल म्हणाले.

शेवटी एका खोलीत चार मागांची चाचणी ठरली. पसंत पडलं नाही तर माग भंगारात जाणार होते.

पट्टे फिरले, सूत घेऊन धोटे इकडून तिकडे पळू लागले. हूं नाही की चूं नाही. थ्रेलफॉल आत आले. हॅनाने सवयीने नुसतेच ओठ हलवले, "आला बघ टकल्या!" मीही तसंच उत्तर दिलं. बाकीच्या दोघीही सुरू झाल्या. आवाज काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मालक पांढरेफटक पडले. धोटे पळताहेत, चार बाया तोंडं फाडून बोलताहेत आणि कानावर काहीच नाही! ते मटकन खाली बसले. "गेले! माझे कान गेले!"

"शाबूत आहेत हो साहेब," ऑस्वल्ड धावत येऊन म्हणाला. "माग मुके आहेत, आणि या बायांना सवय आहे."

रुमालाने तोंड पुसत मालकांनी मला काहीतरी विचारलं. ओठ दिसेनात.

"काय म्हणालात?" मी म्हटलं.

हॅनाचा एक कान अजून धड आहे. तिने ओठांनी सांगितलं, "तुला रोज असंच असतं का, विचारतोय."

मी मान हलवली. मालक उठून उभे राहिले. मग म्हणाले, "बसवा सगळीकडे." एकीला चारच माग, हे हॅनाने तिथल्या तिथे कबूल करून घेतलं.

सोमवारी विनी त्याच खोलीतल्या मुक्या मागावर उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, पण ती बोलत नव्हती. मी हॅनाकडे पाहिलं.

"तुझी पोर भलतीच बेसूर गाते गं!" हॅनाचे ओठ म्हणाले.

मला रडूच फुटलं. मला नाही, पण हॅनाला पोरीचं गाणं चालू मागांतूनही ऐकू येत होतं.