मागे फिरवलेल्या सात तारखा

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे, तारखेचा. सध्या माझा मुक्काम एका टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात आहे. शेजारी वाळलेली पेनं आहेत, एक मोडका स्टेपलर आहे आणि कुठल्या कुलपाची हे कुणालाच ठाऊक नसलेली एक किल्ली आहे. खण महिनोन्‌महिने उघडत नाही. खरं सांगायचं तर तो उघडू नये असंच मला वाटतं, इतका मी दमलो आहे. आता बोलायचाही कंटाळा येतो. पण एक गोष्ट मनात सलते आहे, ती एकदाच सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एका बाईने माझ्या पोटात चिमट्याने चार रबरी पट्टे बसवले. दोन दिवसाचे, एक महिन्याचा आणि एक वर्षाचा. आम्हा शिक्क्यांचं आयुष्य तिथेच ठरतं, कारण वर्षाच्या पट्ट्यावर बाराच वर्षं मावतात. तेरावं उजाडलं की आमचा काही उपयोग नाही. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यामुळे हौस अशी मला कधी फारशी नव्हतीच.

कारखान्यातून मी एका नेमबाजी क्लबात आलो. लांबट बैठी इमारत, एका टोकाला नेमबाजीची जागा आणि दुसऱ्या टोकाला लाकडी फळी असलेली एक खिडकी. खिडकीत लाल पुठ्ठ्याची जाड नोंदवही असे आणि वहीमागे आमचे नोंदकाका. हे नाव त्यांना नवशिक्यांनी ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की त्यांचं खरं नाव सभासद पार विसरून गेले होते.

नियम कडक होते. कोण आला, कोणत्या नंबरची रायफल, काडतुसं किती दिली, किती उडवली, रिकाम्या पुंगळ्या किती परत आल्या, आला कधी, गेला कधी आणि शेवटी सही. पुंगळ्या मोजायला दहा भोकांची एक लाकडी पाटी होती. एका भोकात एक पुंगळी. रायफलचा बोल्ट उघडून, आत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती खिडकीतून आत यायची नाही की बाहेर जायची नाही. एवढं सगळं झालं की माझी पाळी. शाईत तोंड बुडवायचं आणि कागदावर आपटायचं. शनिवारी हे पन्नास पन्नास वेळा. सभासद वैतागत. एकाने तर विचारलं होतं, "नोंदकाका, शिंकलो तरी लिहाल का?" काका मान वर न करता म्हणाले, "हातात रायफल असताना शिंकलात तर लिहीन."

काकांचा एक जिवलग मित्र होता, घड्याळजी. दोघे एकाच आठवड्यात क्लबात दाखल झाले होते, त्याला तीस वर्षं झाली होती. घड्याळजींचे हात फार सुरेख होते. एकदा माझं महिन्याचं चाक अडकलं, तेव्हा काका मला फेकायलाच निघाले होते. घड्याळजींनी मला भिंगाखाली धरलं, सुईने कुठलासा कण काढला, तेलाचा एक थेंब सोडला आणि मी पुन्हा फिरू लागलो. त्या स्पर्शाची आठवण झाली की मला आजही बरं वाटतं.

घड्याळजींची रायफल त्यांच्या घरी असे, लोखंडी कपाटात. घरी रायफल ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक नियम होता. महिन्यातून एकदा तरी क्लबात येऊन ती चालवायची. लागोपाठ दोन महिने आला नाही तर क्लबाने परवाना कार्यालयाला कळवायचं, मग रायफल जमा. नियम कुणाला छळायला केला नव्हता. जो येत नाही तो का येत नाही, हे कुणीतरी विचारावं एवढाच त्यामागचा हेतू.

वर्षाच्या सुरुवातीला एका शनिवारी घड्याळजी आले, दहा काडतुसं घेतली आणि परतताना पाटी खिडकीत ठेवली. पाटीत नऊ पुंगळ्या होत्या. दहावं भोक रिकामं होतं. काकांनी ते पाहिलं, पण मागे रांग होती आणि समोर मित्र होता. एखादी घरंगळली असेल, म्हणाले, आणि वहीत दहा लिहिलं. रायफलचा बोल्टही त्या दिवशी उघडून पाहिला नाही. घड्याळजींच्या रायफलमध्ये काय पाहायचं, असं त्यांना वाटलं असणार. मी धप्पकन आपटलो आणि ते खोटं पक्कं झालं.

त्यानंतर घड्याळजी आलेच नाहीत. काकांनी फोन केला की "उद्या येतो" म्हणत, आणि तो उद्या काही उगवत नसे. बाजारातून कानावर येऊ लागलं की घड्याळजी हल्ली गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून ठेवतात आणि कशासाठी उघडलं ते विसरतात. काकांना सगळं कळत होतं. लागोपाठ दुसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी वही पुढ्यात ओढली. कळवलं तर मित्राची रायफल जाईल, रायफल गेली तर तो अगदीच खचेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं.

प्रत्येक पानाच्या तळाशी काका एक ओळ मोकळी सोडत. चुकलंमाकलं तर असावी म्हणून. खरं तर मोकळ्या ओळीवर काट मारावी असा नियम होता. त्या ओळीत त्यांनी घड्याळजींचं नाव लिहिलं, त्यांच्यासारखी वळणदार सही ठोकली आणि माझं चाक आठ दिवस मागे फिरवलं. मित्रांनो, उलटं फिरताना शिक्क्याला दुखत नाही. पण लाज वाटते. हिशेब जुळावा म्हणून मित्राच्या वाटणीची दहा काडतुसं काकांनी स्वतः उडवली. त्यांच्यासारख्या नेमबाजाची एकही गोळी मध्यावर लागली नाही.

एकदा सवय लागली की लागली. असे सात महिने गेले, सात ओळी, सात शिक्के. मधेच परवाना कार्यालयाचे तपासनीस आले, त्यांनी पानं चाळली आणि वही असावी तर अशी, असं म्हणून माझ्या ठळक ठशांचं कौतुक केलं. बारा वर्षांत माझं झालेलं ते एकमेव कौतुक. काका त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच घरी गेले.

मग एक दिवस घड्याळजींची मुलगी खिडकीत आली. ती दवाखान्यात नर्स होती, पाळी संपवून तशीच आली होती. बाबा गॅस चालू ठेवून बाहेर जातात, म्हणाली. कपाटाला कुलूप लावायचं विसरतात, आणि घरात तिची पाच वर्षांची मुलगी आहे. रायफल जमा करून टाकावी असं तिच्या मनात येत होतं. पण ती त्यांची एवढी एकच आवड, हिसकावून कशी घ्यायची, हा प्रश्न तिला पडला होता. बाबा अजून इथे नेमाने येतात का, नीट चालवतात का, तेवढं सांगा, म्हणाली.

काकांनी वही तिच्यासमोर सरकवली. तिने सातही ओळींवरून बोट फिरवलं. तिचे खांदे सैल पडले. शिक्का आहे म्हटल्यावर शंका कशाला, असं म्हणून ती निघून गेली. मला ओरडावंसं वाटलं, पण शिक्क्याला तोंड असतं ते फक्त शाईत बुडवायला.

दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, तिघं आली. घड्याळजी, मुलगी आणि आजोबांचं बोट धरलेली नात. आज बाबांना हुरूप आहे, म्हणून मीच त्यांना घेऊन आले, असं मुलगी हसत म्हणाली. घड्याळजी जरा वाळले होते, पण कोट इस्त्रीचा होता. काकांनी रायफल पिशवीतून काढली, नळी भिंतीकडे केली आणि बोल्ट मागे ओढला.

एक जिवंत काडतूस बाहेर पडलं. वहीवर आपटून ते गडगडत माझ्यापाशी येऊन थांबलं.

काकांचा हात बोल्टवर तसाच राहिला. मुलीने आधी काडतुसाकडे पाहिलं, मग नातीकडे, मग वही स्वतःकडे ओढून पानं उलटू लागली. ती हुशार होती. दर महिन्याला दहा गोळ्या उडवून, बोल्ट तपासून घरी जाणाऱ्या रायफलमध्ये काडतूस उरेल कसं, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

"काका," ती हळूच म्हणाली, "हे सात शिक्के पडत होते तेव्हा ही गोळी कुठे होती?"

"कपाटात," काका म्हणाले. "तुमच्या घरी. तो आलाच नव्हता, बाळ. मी लिहीत होतो."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं.

बोलले ते घड्याळजी. त्यांचा चेहरा कोड्याचं उत्तर बरोबर निघाल्यासारखा उजळला होता.

"बघ, मी म्हणत होतो ना तुला, मी गेलो नाही म्हणून," ते मुलीला म्हणाले. "तू म्हणालीस, बाबा, तुम्ही गेलात, शिक्के आहेत. मग मला वाटलं, गेलं आपलं डोकं, पार गेलं. दोन आठवडे झोप नाही मला."

काकांनी वही पुन्हा आपल्याकडे ओढली. मैत्रीपायी आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं, आणि मलाही.

त्याच दिवशी काकांनी सातही ओळींवर काट मारली, प्रत्येकीपुढे 'खोटी नोंद' असं लिहून स्वतःची सही केली आणि त्या दिवसाची खरी तारीख लावून माझा ठसा उमटवला. परवाना कार्यालयाचं पत्रही स्वतःच लिहिलं. रायफल जमा झाली आणि काकांची खिडकीही गेली. आता तिथे यंत्र आहे, म्हणून मी या खणात. काका हल्ली शनिवारी घड्याळजींच्या घरी जाऊन बसतात, असं सभासदांच्या बोलण्यातून कानावर येतं. मुलगी दार उघडते, चहा देते, पण काकांशी अजून फारशी बोलत नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. मला पुसू नका, तेल घालू नका, माझी वर्षं सरली आहेत. फक्त एवढं करा. पाटीत नऊ असतील तर नऊच लिहा, समोर कितीही जिवाचा माणूस उभा असला तरी. आणि तुमच्या घरात कुणी विसरायला लागलं असेल, तर त्याला जे अजून बरोबर आठवतं, तेवढं तरी त्याच्याकडून काढून घेऊ नका.