बाविसावी गुंज

शामकलाबाईंनी तिसऱ्यांदा मोजल्या. एकवीसच.

केशोरीच्या त्यांच्या अंगणवाडीत आज अकरा पोरं आली होती. पानांची अकरा पाखरं झाली, प्रत्येकाला गुंजेचे दोन डोळे. बावीस व्हायला हव्या होत्या, आणि काही केल्या होत नव्हत्या.

"बाई, गुंज तं जहर असते ना जी?" खिचडी उतरवून आलेल्या मदतनीस मंदाबाईंनी दारातूनच विचारलं. "अख्खी गिळली तं निघून जाते म्हनतात. चावली का झालं."

"मंग आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं का जी?"

उपक्रम मोबाइलवर आला होता. शरद ऋतू, पानांपासून पक्षी. पिवळी-तांबडी पानं आणा, फोटो दोनपर्यंत टाका. इकडं पानं पिकायला शिमगा उजाडतो, हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. शामकलाबाईंनी शाळेच्या बदामाखाली गळलेली चार-दोन पानं वेचली, बाकीच्यांना पळसाचं हिरवं पान दिलं. डोळ्यांची कल्पना मात्र त्यांची स्वतःची. कुंपणावर गुंजेच्या शेंगा तडकल्या होत्या, आतले दाणे लालभडक. हौस नडते ती अशी. एकोणीस वर्षांत त्यांनी एका पोराला खरचटू दिलं नव्हतं.

"गुंज कोनं खाल्ली रे?" त्यांनी विचारलं.

दहा हात वर झाले.

"आन् खिचडी कोनं खाल्ली?"

खिचडी अजून वाढलीही नव्हती, तरी तेच दहा हात वर. अकरावा हात दिव्याचा. तो मांडीवरच राहिला, आणि तिच्याच पाखराला एक डोळा कमी होता.

"दिव्या, दुसरा डोरा कुठं हाय बेटा?"

दिव्या चटईकडे बघत राहिली. चार वर्षांची पोर, आजीशिवाय कुणाशी चकार शब्द बोलायची नाही. शामकलाबाईंनी तिचं तोंड उघडून बघितलं, जिभेखाली बोट फिरवलं, फ्रॉक झटकला, चटई उलटी केली. कुठंच काही नाही. पोरीला काही झालं तर? नोकरीचा विचार त्याच्या मागोमाग आला, आणि तो आला याचीच त्यांना लाज वाटली.

"मंदाबाई, पोरं सांभाळा. आन् या गुंजा उचला पयले!"

पोरीला कडेवर घेऊन त्या दवाखान्याच्या दिशेनं जवळजवळ धावतच निघाल्या. दिव्याचं घर वाटेतच होतं. आई-बाप धान कापायला गेलेले, अंगणात आजी धनवंताबाई सूप घेऊन बसलेल्या. त्यांचा डावा डोळा पांढरा पडला होता. खूप वर्षांपूर्वी अशाच कापणीत त्यात धानाचं कुसळ गेलं होतं.

"धनवंताबाई, चाला लवकर! पोरीनं गुंज खाल्ली वाटते!"

धनवंताबाईंनी सूप खाली ठेवलं. पोरीकडे पाहिलं, मग बाईंकडे. उठायच्या ऐवजी त्या पदराची गाठ सोडू लागल्या. शामकलाबाईंना तेवढा वेळही सोसवेना. गाठीतून एक लाल दाणा निघाला.

"हेच का जी? मी मंघाशी पान्याची बाटली द्याले आली ना, तवा देल्लन इनं. म्हने, आजी, तुया डोऱ्यात लाव."

शामकलाबाई पोरीसकट ओट्यावर बसल्या. रडू आवरत नव्हतं. दिव्या त्यांच्याकडे नवलानं बघत होती.

थोड्या वेळानं त्यांनी हात पुढे केला. "द्या ते इकडं. जहर हाय ते."

"मालूम हाय मले. म्हनून तं गाठीत बांधली. पोरीच्या हाती नाई पडू देत." धनवंताबाईंनी गुंज पुन्हा बांधली, गाठ दातानं आवळली. "पन वापस नाई देत जी. आजवरी मले डोरा देनारं कोनी भेटलं नोहोतं."

दिव्याला घेऊन अंगणवाडीत परतल्यावर शामकलाबाईंनी मंदाबाईंनी उचलून ठेवलेल्या साऱ्या पाखरांच्या गुंजा खरवडून काढल्या आणि उडदाचे एकवीसच डोळे चिकटवले. फोटो कसेबसे दोनच्या आत गेले. उशिरानं पोरं खिचडीला बसली, तोच पर्यवेक्षिका मॅडमचा फोन आला.

"शेवटच्या फोटोतल्या पक्ष्याला एकच डोळा आहे. दुसरा लावून परत पाठवा."

"दुसरा घरी आहे, मॅडम," शामकलाबाई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी दिव्याच्या तोंडाला लागलेली खिचडी पदरानं पुसली.