बसल्या मापाचा रेनकोट

केतकीने तीन रेनकोट आणून माझ्या मशीनवर टाकले आणि म्हणाली, चाचा, यातला एकही कामाचा नाही, चौथा तुम्ही शिवा.

दिग्रसच्या बस स्टँडमागे माझं ताडपत्रीचं दुकान. गफ्फारची ताडपत्री म्हटलं की बाजारात कोणीही दाखवील. चाळीस वर्षं मी कापसाच्या गाड्या झाकल्या, जिनिंगच्या आवारातल्या गंजी झाकल्या, जीपचे कापडी टप शिवले. पण त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. बाजारात गाड्या कमी येत आणि नवी ताडपत्री कोणी मागत नसे. म्हणून मी रेनकोट उलटेपालटे करून बघायला बसलो.

केतकी ही सदाशिवरावांची धाकटी. सदाशिवराव कोर्टातून निवृत्त झालेले, घरातले सगळे खुर्चीवर बसून काम करणारे. हिने मात्र गाईंना कृत्रिम रेतन करण्याचं शिक्षण घेतलं आणि एका संस्थेत लागली. संस्थेने तिला मोटरसायकल दिली, मागे रेत गोठवून ठेवणारा थंड वायूचा जड डबा बांधलेला. अरुणावतीच्या पलीकडची बावीस गावं तिच्याकडे. स्टँडवरची पोरं तिला सांडवाली बाई म्हणत. एकदा तिला ऐकू जाईल असं म्हणाले, तर तिने गाडी थांबवून विचारलं होतं, "काम आहे का काही? गाय आणा. तुम्ही आले तर चालत नाही." तेव्हापासून हळू म्हणत.

गाय माजावर आली की वाट पाहत नाही. अर्ध्या दिवसात काम झालं तर झालं, नाही तर तीन आठवडे गेले. पावसाळ्यात केतकी दोनदा अर्ध्या रस्त्यातून परतली होती आणि एकदा तापाने घरीच पडली होती. तीन फेरे हुकले. यवतमाळच्या साहेबांनी तिला सांगितलं होतं की आता एक जरी हुकला तर गाडी दुसऱ्याला देऊ, तुम्ही ऑफिसात रजिस्टरं लिहा. सदाशिवरावांना मनातून तेच हवं होतं. केतकीला नको होतं. आणि आता डिसेंबरात आभाळ भरून आलं होतं. झाडावर फुटलेला कापूस, वर थंडी आणि तसला पाऊस.

पहिला रेनकोट पुरुषांचा होता. त्याची बाही घसरून मुठीवर यायची, अ‍ॅक्सिलेटर सापडायचा नाही. पायजम्याचा घोळ सायलेन्सरला लागून एका बाजूने वितळला होता. दुसरा बायकांचा, फुलाफुलांचा, गुडघ्याखाली मोकळा. तो पायी बाजारात जाणाऱ्या बाईसाठी केलेला. गाडीवर वारा शिरला की फुगायचा. तिसरा डोक्यातून घालायचा, बिनबाह्यांचा, त्याची टोपी एवढी मोठी की मान वळवली तरी टोपी वळत नसे.

तिला काय पाहिजे ते तिने मोजून सांगितलं. मनगट घट्ट, पण डावी बाही कोपरापर्यंत झटक्यात वर गेली पाहिजे, कारण गोठ्यात त्या हाताला लांब हातमोजा चढवावा लागतो. टोपी हेल्मेटच्या आत बसेल अशी. पायजमा बुटावर उतरेल, पण चाकाकडे जाणार नाही असा. जीपच्या टपासाठी आणलेलं, आतून रबर लावलेलं नायलॉनचं कापड माझ्याकडे पडून होतं. मी म्हटलं, होईल.

मी बायकांचं माप घेत नाही. माझ्या उस्तादांनीही घेतलं नव्हतं. मापाचा कपडा येतो, तो पाटावर पसरायचा आणि त्यावरून बेतायचं. केतकीच्या घरून सलवार-कुर्ता आला. मी त्यावरून कोट आणि पायजमा बेतला, समोर चेन लावली, चेनीवर दुहेरी पट्टी घेतली आणि सगळ्या शिवणींना आतून पंक्चरचं सोल्युशन फासलं. थंडीसाठी रहमतबीने आत घालायची बिनबाह्यांची बंडी शिवली, दुलईसारखी, दीड पाव रुई भरून. माझी बायको कोणाचं काम हाती घेते तेव्हा माझं काम हमखास तपासते. कोट हातात धरून ती म्हणाली, "बाईमानसाचा कोट आहे हा. छकड्याचा टप नाही, एवढं याद ठेवलं ना?"

मी म्हटलं, याद आहे. नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी केतकी आली तेव्हा पाऊस लागलेलाच होता. तिने बंडी घातली, वर कोट घातला. रहमतबीने तिला दारात उभं केलं आणि डोक्यावरून दोन बादल्या पाणी ओतलं. केतकीने आत हात घालून पाहिला. बंडी कोरडी ठणठणीत. इतक्यात तिचा मोबाइल वाजला. नदीपलीकडच्या तांड्यावरचा हिरासिंग बोलत होता, टॉवर मिळावा म्हणून फाट्यापर्यंत आलेला. त्याची गाय रात्रीपासून हंबरत होती, दुपारच्या आत या म्हणाला. केतकीने गाडीला किक मारली आणि दोन्ही हात हँडलवर ठेवले. तेव्हा मला दिसलं. बाही मनगटावरून दोन बोटं वर गेली आणि पाठीवरचा कोट कमरेतून उचलला गेला. मी पाहिलं आणि बोललो नाही. ती घाईत होती आणि मी खुशीत होतो.

ती गेल्यावर मला बसवेना. पाऊस वाढला की मी दारात जायचो, कमी झाला की मशीनवर यायचो. एक शिवण घातली ती वाकडी गेली. रहमतबी म्हणाली, "मुंगळे चावून राह्यले का तुमाले? बसा ना एका जागी."

दहाच्या सुमारास बाजारातून एक गाडीवाला भांडायला आला. तुमची ताडपत्री गळते म्हणाला. मी ती गाडी बघायला गेलो, कारण माझी ताडपत्री गळत नाही. खरंच गळत नव्हती. पण गाडीत कापूस मधे दबला होता, ताडपत्रीला खळगा पडला होता, आणि नेमकी शिवण खळग्याच्या तळाशी आली होती. वरून धावत जाणारं पाणी शिवणीला काही करत नाही. साचलेलं पाणी वाट काढतं. मी ताडपत्रीखाली हात घातला. तिथला कापूस पाणी पिऊन दगडासारखा झाला होता, आणि इतका गार की बोटं ओढून घ्यावी लागली.

ओली बोटं तशीच धरून मी उभा राहिलो. गाडीवर बसलेल्या माणसाच्या मांडीत असाच खळगा होतो. आणि चेन मी बरोबर मधे लावली होती. चेनीच्या आत दीड पाव रुई.

दुकानात येऊन मी केतकीला फोन लावून पाहिला. नदीपलीकडे टॉवर नव्हता. रहमतबीला सांगितलं तेव्हा ती मला बोलेल असं वाटलं होतं.  पण ती म्हणाली, "रुई तं मीच भरली." कापसाच्या मुलखातली माणसं आम्ही; थंडी म्हटली की कापूस, याच्या पलीकडे डोकं गेलं नाही. पावसात मेंढरांमागे फिरणारा धनगर रुईची बंडी घालत नाही, घोंगडी घेतो. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. तिने पेटीतून तिची घोंगडी काढली आणि माझ्या हातात दिली. मी पुसदची एसटी पकडली.

फाट्यावर उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तिथून पुढे तांड्याला कच्चा रस्ता, बस नाही. केतकीला परत यायला हाच रस्ता होता. मी चहाच्या टपरीत बाकावर बसलो. मोटरसायकलचा आवाज आला की उठायचो, दूधवाला निघायचा, बसायचो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा टपरीवाला म्हणाला, "चाचा, घोंगडी इकाले आणली का? एवढं उभं राहून कोणी घेत नाही." बाकावरचे लोक हसले. एकाने विचारलं, कोणाची वाट पाहता. मी केतकीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, ती सांडवाली, एवढ्या पाण्यात ती कायले येते, गेली असंल घरी. मला ते लागलं, कारण घरी जाणं म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. आणि घरी गेली असती तरी बरं, असंही वाटत होतं, कारण नाल्याला पाणी होतं आणि तिची बोटं ब्रेकवर वळत असतील की नाही कोण जाणे.

तीन वाजता ती आली. हळू चालवत होती. हँडलला बंडी बांधलेली, त्यातून धार लागलेली. तोंड निळं पडलेलं, पण हसत होती. कोटाच्या गळ्यातून काळी लोकर डोकावत होती.

मी आधी गाईचं विचारलं. ती म्हणाली, झालं काम, साडेअकराला. तांड्यावर पोचली तेव्हा बोटं मिटत नव्हती, हातमोजा चढवता येत नव्हता. हिरासिंगच्या बायकोने, लालीबाईने, तिला चुलीजवळ बसवलं, बंडी काढून पिळली तर तांब्याभर पाणी निघालं. मग जुन्या घोंगडीला मधे भोक पाडून तिच्या गळ्यात घातली. तेवढ्यात हिरासिंग दोनदा विचारून गेला, बाई जमंल ना. जमलं. मग नाल्याचं पाणी उतरेपर्यंत तिथेच थांबावं लागलं.

मी हातातली घोंगडी पाठीमागे नेली. 

"पाणी कुठून गेलं?" मी विचारलं.

तिने मांडीकडे बोट दाखवलं. "इथं तळं साचते, चाचा. ब्रेक मारला का पुढं जाते, गाडी उचलली का आत येते. उभ्याने तुमचा कोट पक्का आहे. मी उभी राहून चालवली असती तं काही प्रॉब्लेम नव्हता."

बाकावरचे हसले. मीही हसलो असतो. तेवढ्यात तिचा फोन वाजला, फाट्यावर टॉवर मिळत होता. दुसऱ्या गावची गाय, संध्याकाळपर्यंत माजावर येईल म्हणत होते. केतकीने आभाळाकडे पाहिलं आणि उद्या सकाळी सातला निघते म्हणाली. ती गाडीवरून उतरायला लागली.

मी म्हटलं, "उतरू नको बेटा. हँडल धर, चालवते तशी बस."

टेप माझ्या खिशात असतेच. तिच्या हातात एक टोक देऊन काम झालं असतं, पण तिच्या बोटांत ते राहिना. बाकावर पाच माणसं होती, रस्त्यावर एक ट्रक थांबला होता. चाळीस वर्षांत मी हे केलं नव्हतं. मी विचारलं, हात लावू का.

"मी गाईले न विचारता लावते दिवसभर," ती म्हणाली. "तुमी विचारून तरी राह्यले."

मानेच्या मणक्यापासून टेप खांद्यावरून मनगटापर्यंत नेली. मापाच्या कुर्त्यापेक्षा तीन बोटं जास्त. पाठ वाकलेली मोजली, पाच बोटं जास्त. कमरेपासून गुडघ्यावरून घोट्यापर्यंत, चार. टेप ओली होती. टपरीवाला भज्यांच्या रद्दीवर आकडे लिहून घेत होता, मी न सांगता. बसलेल्या बाईचा तो आकडा आणि पाटावरच्या कपड्याचा आकडा, यात इतका फरक असेल हे मला साठाव्या वर्षी कळत होतं.

मी तिला सांगितलं, सकाळी साडेसहाला दुकानात ये. तिने विचारलं, होईल का. पाठीला, कोपराला आणि गुडघ्याला जोड द्यावा लागेल, तेवढं कापड होतं. चेन मधून काढून डाव्या खांद्याखाली तिरपी न्यायची, म्हणजे मांडीत शिवणच येणार नाही. होईल म्हटलं. मग लालीबाईच्या घोंगडीवर रहमतबीची घोंगडी तिच्या गळ्यात गुंडाळली. ती नको म्हणाली नाही.

तिची गाडी पुढे गेली. मी बसला हात केला, रद्दीचा कागद छातीशी धरला, तो भिजू नये म्हणून. खिडकीशी बसायला जागा होती, पण मी उभाच राहिलो. बस दिग्रसला पोचेपर्यंत मी तो कोट मनातल्या मनात दोनदा उसवला होता.