कै. कोरम

सिन्नर स्टँडसमोर वाल्मीकचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, नेमणूक, श्रद्धांजली, काय म्हणाल ते छापायचा; आणि गिऱ्हाईक नसलं की आपल्या गावच्या सरपंचाची फिरकी घ्यायचा. सरपंच मोतीराम म्हणजे त्याला आयतं खेळणंच सापडलेलं.

"सरपंच, ग्रामपंचायत आन् ग्रामसभा यात फरक काय वो?" एकदा सलूनमध्ये मोतीरामच्या तोंडाला फेस फासलेला असताना यानं विचारलं.

मोतीरामनं डोळे मिटून खरंच विचार केला. "ग्रामसभेला भजी असत्यात," तो म्हणाला.

वाल्मीक हे गावभर सांगत फिरला, दर वेळी थोडं तिखटमीठ वाढवून.

मग गायरानाचं निघालं. गावाबाहेरचं गायरान कुठल्याशा कंपनीच्या गोडाऊनला द्यायचं, त्याला ग्रामसभेचा ठराव पाहिजे. वाल्मीकच्या शेजारच्या मालनबाईचं अन्नपाणीच सुटलं. नवरा गेल्यापासून तिचं घर शेळ्यांवर, आणि शेळ्या त्या गायरानावर. बाकी जिकडं बघावं तिकडं कांदा, नाहीतर कंपाउंड.

"मी जाती सभेला," मालनबाई म्हणाली. "तोंडावर इचारती मोत्याला. निम्मं गाव माझ्या बाजूनं बोलंल."

"येडी का काय तू, मावशी? कुणीच जायचं नाय! शंभर माणूस जमलं नाय तर कोरम नाय, कोरम नाय तर सभा नाय, सभा नाय तर ठराव कुठला? मोत्याला तर कोरम म्हंजे कपड्याचं दुकान वाटंल."

"तुला नक्की ठाव हाय ना?"

"मावशी, आता मलाच इचारती का?"

त्यानं मोबाईलवर वाचलं होतं. मधे जाहिरात आली, तिथंच थांबला होता.

घरोघर फिरून त्यानं गाव घरात बसवलं. सभेला मोतीराम, चार-दोन मेंबर आणि भज्यांची परात. ग्रामसेवक शेखरनं रिकाम्या खुर्च्यांवर नजर फिरवली आणि म्हणाला, "सभा तहकूब." खिडकीखाली कान लावून बसलेला वाल्मीक तोंड दाबत पळाला तो थेट दुकानात.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नवाकोरा फ्लेक्स. काळी चौकट, हार घातलेली रिकामी प्लास्टिकची खुर्ची, खाली: 'भावपूर्ण श्रद्धांजली. कै. कोरम. शोकाकुल: उरलेली भजी.' पोरांनी स्टेटसला ठेवला. मालनबाईला वाचता येत नव्हतं, तिनं वाल्मीककडून मोठ्यानं वाचून घेतला आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मोतीराम आला, चपला काढून फोटोला हात जोडले. "कोण वारलं रं?"

गाव आठवडाभर हसलं. पुढच्या आठवड्यात गायरानावर माणसं टेप धरून चुन्याच्या रेषा मारायला लागली.

मालनबाई वाल्मीकला हाताला धरून ग्रामपंचायतीत घेऊन गेली.

"ठराव झाला की गुरुवारी," मोतीराम म्हणाला. "सात जण होतो."

"सात? आन् कोरम?"

"तहकूब झालेली सभा परत भरवली की कोरम लागत नाही," शेखर मान वर न करता म्हणाला. "नोटीस होती ना."

"कुठं?"

"फळ्यावर."

वाल्मीक बाहेर गेला. फ्लेक्सचा एक कोपरा उचलला. खाली नोटीस होती, चारी बाजूंनी नीट चिकटवलेली. तारीख, वार, विषय: गायरान. एक अक्षर पुसलेलं नव्हतं.

मोतीराम मागून येऊन वाचायला लागला, बोट फिरवत. "आरं, तहकूब म्हंजे रद्द असंच वाटलं होतं मला. शेखरभाऊनं बोलावलं, गेलो."

"मलापण तसंच वाटलं," वाल्मीक म्हणाला. पहिल्यांदाच त्याचं नि सरपंचाचं एकमत झालं.

"आपण तहसीलला अर्ज करू, मावशी. नोटीस दिसतच नव्हती म्हणू."

"करा की," शेखर आतून म्हणाला. "फ्लेक्स कुणी लावला तेपण लिहा त्यात."

मालनबाई फळ्याकडं बघत होती. "मला वाचता येत नाय," ती म्हणाली. "तुला तर येतं." आणि गेली.

वाल्मीकनं अर्ज लिहायला घेतला. फ्लेक्स कुणी लावला, या ओळीपाशी आला आणि अर्ज तसाच ठेवला. दोन दिवसांनी मोतीरामचा फोन: भूमिपूजनाचा फ्लेक्स पाहिजे, फोटो मोठा, 'गावच्या विकासासाठी' असं काहीतरी लिही. वाल्मीकनं काहीतरी लिहिलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी मालनबाईच्या दारात टेम्पो उभा. शेळ्या ओरडत होत्या. वाल्मीकला बघून ती म्हणाली, "ते तुझं फलेक्स दे. खाली आंथराया. पाय सरकत्यात त्यांचं."

त्यानं आणून दिला. तिनंच टेम्पोत चढून तो नीट ताणून अंथरला, हार घातलेली खुर्ची वर. मग एकेक शेळी नाव घेत वर चढवली. पहिलीनं चढल्या चढल्या खुर्चीवर लेंड्या टाकल्या. टेम्पोवाला हसला. हसायची सवय असलेल्या वाल्मीकनं फाळका लावून दिला.