अध्यक्षांची धर्मलेक

आमदार ओतासिलियो पेशोतो यांना स्वतःचं मूल नव्हतं, आणि बाप्तिस्म्यात धर्मबाप होऊन मिळालेली धर्मलेकरं दोनशे चौदा होती. एकेकाचं नाव त्यांना तोंडपाठ. विरोधक म्हणायचे, हा माणूस प्रचाराला जातच नाही, बाप्तिस्म्याला जातो. त्यात खोटं काही नव्हतं. तरुणपणी ते औषधाच्या दुकानात इंजेक्शनं द्यायचे, म्हणून लोक त्यांना डॉक्टर म्हणू लागले आणि त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. पुढे नगरसेवक झाले, मग लागोपाठ पाच वेळा आमदार. राजधानीत त्यांनी एक घर भाड्याने घेतलं होतं. आपल्या भागातला कुणीही आजारी माणूस तिथे फुकट राहायचा, बायको लिंदाल्वा त्याला सूप करून घालायची, आणि निवडणूक आली की त्या माणसाचं अख्खं खानदान ओतासिलियोंना मत द्यायचं.

आता आमदार म्हटल्यावर थापा आल्याच. रस्ता पुढच्या महिन्यात होतोय, विहीर मंजूर झाली, मंत्र्यांशी कालच बोललो, असं ते सहज बोलून जात, आणि झोपही छान लागायची. पण एक पथ्य त्यांनी तीस वर्षं पाळलं होतं. ज्याच्या लेकराला बाप्तिस्म्याच्या वेळी आपण हातावर धरलं तो आपला कोंपाद्रे, आणि कोंपाद्रेशी खोटं बोलायचं नाही. त्या कोरड्या मुलुखात सख्ख्या भावाला फसवलेलं एक वेळ खपून जातं, कोंपाद्रेला फसवलेलं नाही. कोंपाद्रेने अडचणीचं काही विचारलं तर ओतासिलियो कॉफी मागवत, त्याच्या बकऱ्यांची चौकशी करत, पण खोटं बोलत नसत.

त्यांच्या मतदारसंघात पोसो दा ओन्सा नावाची बेचाळीस घरांची वस्ती होती. नदी तिथे वळण घ्यायची, त्यामुळे आजूबाजूला नुसते काटे आणि निवडुंग असले तरी तेवढ्या तुकड्यात मका आणि घेवडा पिकायचा. नेमकं तिथेच सरकारला धरण हवं होतं. धरण वाईट होतं असंही नाही. खालची तीन गावं वर्षातले आठ महिने टँकरवर जगत होती आणि त्या गावांतही ओतासिलियोंची नव्वदेक धर्मलेकरं होती. विधानसभेत मतं जवळजवळ समसमान पडणार होती. ओतासिलियो कुठल्या बाजूला जातात यावर सगळं अडलंय, हे रेडिओवाल्यांनी महिनाभर सांगून सांगून पोसोच्या म्हाताऱ्यांनाही पाठ केलं होतं.

मतदानाच्या दहा दिवस आधी पोसोचा जेनेझियो त्यांच्या दारात आला. चामड्याची टोपी हातात, नजर जमिनीवर. मुलीचा बाप्तिस्मा करायचाय, डॉक्टरांनी धर्मबाप व्हावं, एवढंच बोलला. अशा वेळी नाही म्हणणारा माणूस त्या भागात अजून जन्मला नव्हता. ओतासिलियो हो म्हणाले, आणि खरं सांगायचं तर सुखावलेसुद्धा.

रविवारी देवळात गेले तर सगळी वस्ती हजर. जेनेझियोची बायको वाल्देनोरा हिने मुलगी त्यांच्या हातात दिली. पोरीने त्यांचं बोट धरून तोंडात घातलं आणि चावली. चांगले चार दात होते तिला. तिथेच ओतासिलियोंनी मनात महिने मोजले. त्या मुलुखात मूल बाप्तिस्म्याशिवाय मरू नये म्हणून लोक पंधरा दिवसांच्या आत देऊळ गाठतात. दात येईपर्यंत कुणी थांबत नाही. या लोकांनी पोर दहा महिने राखून ठेवली होती, आणि ती कुणासाठी ते आता उघड होतं. फादर तिच्या कपाळावर पाणी ओतत होते आणि बेचाळीस घरं ओतासिलियोंच्या तोंडाकडे बघत होती. मुलीचं नाव ठेवलं जोझेलिया.

मग जेवण झालं. बकरा, मक्याचा सांजा, वर गुळाचा खडा. धरणाचा शब्दही कुणी काढला नाही. जीपमध्ये बसताना मात्र जेनेझियो जवळ आला. कालपर्यंत ओतासिलियो त्याला अरे-तुरे करायचे, आता दोघांनीही एकमेकांना तुम्ही म्हणायचं होतं.

"कोंपाद्रे," तो म्हणाला, "आता तुमची लेक इथं झोपते. तेवढं ध्यानात असू द्या."

राजधानीत सरकारचा माणूस क्लोविस त्यांची वाटच पाहत होता. गुळगुळीत दाढी आणि घाईत असल्यासारखं बोलणं. त्याने आडवळण घेतलंच नाही. तुमचं मत हवंय, बदल्यात एक गोष्ट मागा, एकच, आणि ती मिळेल, असं म्हणाला. ओतासिलियोंच्या मनात त्या क्षणी दोन गोष्टी होत्या, हे त्यांनी पुढे स्वतःशी कधी नाकारलं नाही. एक, पोसोच्या बेचाळीस घरांना धरणाखालची ओलिताची जमीन. दुसरी, विधानसभेच्या अध्यक्षांची खुर्ची, जिच्यासमोर पाच टर्म मागच्या बाकावर बसून त्यांनी चुळबुळ केली होती. खुर्ची आधी मागू, खुर्चीवर बसलो की जमीन आपल्याच हातात, असा हिशेब त्यांनी अर्ध्या मिनिटात केला. त्या अर्ध्या मिनिटात त्यांना तो अगदी बरोबर वाटला. माणूस स्वतःला फसवायला बसला की फार वेळ लागत नाही.

सभागृहात नाव पुकारलं तेव्हा ते उभे राहिले आणि "होय" म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की सचिवाने पुन्हा विचारलं, म्हणून दुसऱ्यांदाही म्हणावं लागलं.

अध्यक्ष झाल्यावर त्यांनी जमिनीचा विषय काढला नाही असं नाही. दोनदा काढला. क्लोविस म्हणाला, डॉक्टर, तुमचं झालं ना आता. मग दुष्काळ आला, मग शिक्षकांचा संप, मग पुढची निवडणूक. पोसोच्या लोकांना खडकाळ टेकडीवर सिमेंटच्या खोल्या मिळाल्या. धरण भरलं, तीन गावांना नळ आले, आणि टेकडीवर टँकर जाऊ लागला. ओतासिलियोंनी तिकडे जायचं बंद केलं. जोझेलियाच्या वाढदिवसाला तार मात्र न चुकता जायची.

ती साडेचार वर्षांची झाली तेव्हा एका शनिवारी सकाळी जेनेझियो बायको-मुलीला घेऊन त्यांच्या गावाकडच्या घरी आला. सोबत पुठ्ठ्याची एक सुटकेस. दुपारच्या ट्रकने दोघं साँव पावलोला निघाली होती. त्याला बांधकामावर काम मिळालं होतं, राहायचं बारा पुरुषांच्या शेडमध्ये. तिला एका घरी चोवीस तासांची मोलकरीण म्हणून जायचं होतं, आणि त्या घरात पोर चालणार नव्हती. दोन वर्षं धर्मबापाने मुलगी सांभाळावी, असं म्हणायला तो आला होता. यात उपकार कसला, ते धर्मबापाचं कामच. लिंदाल्वाने पुढचं ऐकलंही नाही. मुलीला उचलून ती स्वयंपाकघरात गेली, पाठोपाठ वाल्देनोरा. मग आतून पाण्याचा, भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येऊ लागला. तीस वर्षांत त्या घरात असा आवाज झाला नव्हता. ओतासिलियोंचे डोळे भरून आले.

जेनेझियो टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. जायच्या आधी एक विचारायचंय, म्हणाला. ओतासिलियोंनी कॉफी मागवली. बकऱ्यांची चौकशी केली. बकऱ्या विकल्या, जेनेझियोने सांगितलं, आणि पुन्हा म्हणाला, एक विचारायचंय.

"रेडिओवर तेव्हा सांगत होते, तुमच्या एका मतावर सरकार अडलंय. खरं होतं?"

"खरं होतं, कोंपाद्रे."

"मग सरकारनं तुम्हाला काहीतरी देऊ केलंच असेल. मला राग नाही, धरण होणारच होतं. वस्तीतले लोक म्हणतात, डॉक्टरांनी आपल्यासाठी जमीन मागितली असणार, सरकारनंच दिली नाही. मीही तेच सांगतो सगळ्यांना. तुम्ही काय मागितलंत?"

आत जोझेलिया कशावर तरी खिदळत होती. एक शब्द पुरेसा होता. जमीन. तेवढं म्हटलं असतं तर जेनेझियोने त्यांचे हात हातात घेतले असते, ट्रक पकडला असता आणि पोर इथेच राहिली असती. ओतासिलियोंनी तोंड उघडलं. समोर कोंपाद्रे बसला होता.

"खुर्ची मागितली," ते म्हणाले.

"आणि आमच्यासाठी?"

"नंतर मागणार होतो."

जेनेझियो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, कप नीट बशीत ठेवला आणि बायकोला हाक मारली. पोरीच्या पायात चप्पल घाल, म्हणाला, ती आपल्याबरोबर येतेय.

"अहो, तिथं कुठं ठेवाल तिला?" ओतासिलियो उभे राहिले. "बारा माणसांच्या शेडमध्ये?"

"ते मलाही माहीत नाही, कोंपाद्रे. बघू."

लिंदाल्वा ओल्या केसांच्या मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली. काय झालं ते तिला समजेना. वाल्देनोराने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता मुलगी मागून घेतली. निघताना जेनेझियोने रीत सोडली नाही. धर्मबापाचा आशीर्वाद घे, असं त्याने मुलीला सांगितलं. तिने हात जोडले. "देव तुझं भलं करो," ओतासिलियो म्हणाले, आणि पोर खुशीत उड्या मारत आईबापांमागे हमरस्त्याकडे गेली.

लिंदाल्वा दारात उभी होती. टॉवेल अजून तिच्या खांद्यावर होता. ओतासिलियोंनी तिला जे झालं ते सगळं सांगितलं, जेनेझियोने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं तेही. तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"जन्मभर खोटं बोललात," ती म्हणाली. "आज एकदा बोलायला काय झालं होतं?"