शंभर पानांतली अकरा

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा फाईल उघडली, बंद केली. शेवटी नावं बदलली आणि बसलो.

मी हेमंत. बारावी नापास. नारायणगुड्यातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये लोकांचे प्रबंध टाइप करतो. गेल्या वर्षी, चौऱ्याण्णवला, मालकांनी कॉम्प्युटर घेतला, तेव्हापासून मराठी काम सगळं माझ्याकडं. मार्क्सवाद, स्त्रीवाद, मनोविश्लेषण, सगळं मला असंच भेटलं. दुसऱ्यांच्या अक्षरात.

अमृता शाळेपासूनची मैत्रीण, अंबरपेठची. तिच्या एम.ए.च्या प्रबंधिकेचा विषय, एका ग्रीक शोकांतिकेची नवी वाचनं. प्रत्येक प्रकरणात तिनं राजाच्या सर्वनाशाला एकेक नवा चष्मा लावलेला. पानं भरली एकोणनव्वद. गाईडना शंभर हवी होती. असं झालं की सगळेच मला सांगतात, मार्जिन वाढव, ओळी फाकव. तीही तेच सांगून गेली. घरी मुलगा बघायला येणार होता, सॉफ्टवेअरवाला, अमेरिकेला निघालेला. ती परेशान होती.

मी मार्जिन वाढवलं नाही. अकरा पानं लिहिली.

नाटकात एक निरोप्या येतो. महालात काय झालं ते बाहेर येऊन सांगतो आणि जातो. सिद्धांतवाले राजाची सत्ता बघतात, राणीचं मौन बघतात, राजाचं बालपण उकरतात. याच्याकडं कुणी बघत नाही. हा तर सगळं डोळ्यांनी बघून आलाय. याचं पुढं काय होतं? एवढंच लिहिलं. वाटलं, वाचेल, हसेल, काढ म्हणेल.

तिनं वाचलंच नाही. शेवटच्या पानावर शंभर आकडा बघितला आणि बायंडिंगला दिलं.

गाईडनी मात्र वाचलं. वर्गासमोर म्हणाले, बाकी सगळं पुस्तकी आहे, शेवटची अकरा पानं तेवढी तुझी.

ती इन्स्टिट्यूटमध्ये आली. स्टूल ओढून बसली.

"का केलंस रे?"

मी म्हटलं, सरांना खरं सांगतो. ती नको म्हणाली. डिग्री जाईल. तिचे वडील, मुकुंदराव, सचिवालयातून रिटायर झालेले, शब्दाचे पक्के. पीएचडीला प्रवेश मिळाला तर लग्न थांबवतो, नाहीतर मे महिन्यात, असं त्यांनी सांगून ठेवलेलं. त्या मुलानं दोन भेटींत तिला एकच विचारलं होतं, गाडी चालवता येते का.

"आणि तुझं कोण ऐकणार? बारावी फेल तू," म्हणाली. मला राग आला नाही. खरंच होतं.

तोंडी परीक्षेला आठ दिवस होते. रोज आबिड्सच्या इराणी हॉटेलात मी तिला माझीच अकरा पानं शिकवली. तिनं असे प्रश्न विचारले की दोन ठिकाणी मीच चुकल्याचं लक्षात आलं. पास झाली. गाईड खूश. म्हणाले, पीएचडी यावरच कर, शोकांतिकांमधले निरोपे.

काल ती परत आली. हातात रजिस्ट्रेशनचा फॉर्म, सही न केलेला.

"तीनशे पानं लागतात, हेमंत. मला एकटीला नाही जमणार. तू नाही म्हणालास तर मी घरी सांगते, मे महिना चालेल."

नाही म्हणायला हवं होतं. खरं सांगतो, फक्त तिच्यासाठी नव्हतं. माझं काही कुणी वाचलंय तर ते तिच्याच नावानं, पुढंही तसंच वाचतील. हे कळत होतं, तरी खिशातलं पेन काढून मी तिच्यापुढं धरलं.

"सही कर," म्हटलं. "तीनशे होईपर्यंत मी लिहीन. शपथ."